पाठवणाऱ्याचं नाव

माक तोगुचं खरं नाव काय, हे आमच्या तांजुंग लिमाउ गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायला हवं असंही कुणाला वाटत नव्हतं. आम्हा बताक लोकांत बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव बाजूला पडतं. तोगु जन्मला त्या दिवशी ती माक तोगु झाली, तोगुची आई. चर्चच्या दप्तरात जुनं नाव असेल तर असेल. बाजारात, नदीच्या धक्क्यावर, विजेच्या बिलाच्या रांगेत ती माक तोगुच होती, आणि या नावाचा तिला इतका अभिमान की कुणी घाईत नुसतं 'माक' म्हणून हाक मारली तर ती ऐकूच न आल्यासारखं करायची.

आणि गंमत बघा, हीच बाई पोटासाठी दिवसभर दुसऱ्यांची नावं कापत बसायची.

ती फुलांच्या पाट्या करायची. आमच्याकडे लग्न असो, दुकान उघडणं असो, साहेबाची बढती असो की मयत, दारात माणसांच्या आधी पाट्या येतात. पलंगाएवढी लाकडी चौकट, तिच्यावर थर्माकोल, कडेनं फुलं आणि मध्ये तापल्या तारेनं थर्माकोलातून कापलेली ठळक अक्षरं: 'अभिनंदन', नाहीतर 'दुःखात सहभागी'. पाटी भाड्याची. कार्य आटपलं की माक तोगु आपल्या खटारा टेम्पोतून येऊन ती घेऊन जायची, अक्षरं उपटून डब्यात टाकायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाची अक्षरं लावायची. काल ज्या चौकटीवर 'अभिनंदन' होतं तिच्यावरच आज 'दुःखात सहभागी' यायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एक नियम तिनं कधी मोडला नाही. पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यांत मोठं. नवरानवरीहून मोठं, मेलेल्याहून तर मोठंच. एकदा नव्यानं आलेल्या पाद्रीबाबांनी तिला हटकलं, "अहो, मयत कुणाची तेच वाचता येत नाहीये."

"पाद्रीबाबा, मेलेला काय वाचणारेय?" ती म्हणाली. "समाचाराला येणारे साहेबलोक वाचणार. पाठवणाऱ्यानं खर्च केलाय तो त्यांच्यासाठी. मी काय आज करतेय का हा धंदा?"

पुढे पाद्रीबाबांनीही पाट्या वाचायची सवय लावून घेतली.

गावातला सगळ्यांत मोठा पाठवणारा म्हणजे लिमाउ रबर, नदीकाठचा कारखाना. कच्च्या रबराला कुजल्यासारखा वास येतो, आणि तो वास आमच्या गावावर बारा महिने बसलेला असायचा. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्ही त्यांना हसायचो. आम्हाला तो जाणवतच नसे. माक तोगुचा नवरा याच कारखान्यात रबर सुकवायच्या भट्टीवर होता. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा तोगु बातामला जहाजं बांधायच्या कामावर होता. मातीला आला आणि परत जायला निघाला.

त्याला थांबवलं ते कारखान्याच्या मॅनेजरनं. पाक हार्सोनो, म्हणजे हार्सोनोसाहेब, जावामधला, हळू बोलणारा, दुसऱ्याला वाईट वाटेल असं तोंडातून न काढणारा माणूस. कबरीपाशीच तो तोगुला म्हणाला, "मालक इथं नवी भट्टी टाकणार आहेत. मला तिच्यावर मुकादम लागेल. तुझ्या वडिलांचा हात तुझ्यात असेल तर राहा."

तोगु राहिला. बापाच्या जुन्या भट्टीवर लागला, नव्या भट्टीची वाट बघत. आणि त्या दिवसापासून माक तोगुच्या प्रार्थनेत एकच मागणं उरलं. देवा, भट्टी येऊ दे. भट्टी आली तर पोरगं घरात राहील, नाहीतर पुन्हा समुद्रापलीकडे जाईल. म्हातारपणी एका माणसानं घरात खोकावं आणि ऐकायला कुणी नसावं, याची तिला फार भीती होती. थर्माकोलच्या धुळीनं तिला खोकला तर होताच.

भट्टी मात्र येईना. कुठं माशी शिंकली ते तिला निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कळलं. पाक हार्सोनो स्वतः तिच्या शेडमध्ये आला आणि लाकडी खोक्यावर बसला. बाईमाणसाला मानानं 'इबू' म्हणतात, तो नुसतं 'बू' म्हणायचा.

"तब्येत काय म्हणते, बू?"

"खोकला म्हणते. दुसरं काही म्हणत नाही. चहा टाकू?"

"नको, बसतो जरा." त्यानं एक फूल उचलून पुन्हा ठेवलं. "मेदानच्या मोठ्या ऑफिसातून रोज फोन येतोय. भट्टीचे पैसे तयार आहेत. पण इथं लावायचे की जांबीच्या कारखान्यात, ते ठरत नाही. आपला सांडपाण्याचा परवाना यंदा संपतोय. नवी सही करणार नवा बुपाती. सही नाही तर बँक दारात उभं करत नाही."

बुपाती म्हणजे जिल्ह्याचा निवडून आलेला प्रमुख. आमच्याकडे त्याला राजा म्हणा, फक्त मुकुट नसतो. यंदा एका बाजूला मावळत्या बुपातीची बायको, इबू रतनासारी. दुसऱ्या बाजूला वरच्या नदीतला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाच्या गावांतला होडीवाला, पाक झुल्हाम.

"मग रबर कुठलं चांगलं, आपलं की जांबीचं?" माक तोगुनं विचारलं.

हार्सोनो हसला, पण डोळे हसले नाहीत. "रबराकडे बघतोय कोण? मालक मला एकच विचारतात. तिथं बसणार कोण, आणि तो आपल्याला ओळखतो का? आमच्या धंद्यात आधी येते सही, मग पैसे, आणि रबर सगळ्यात शेवटी." मग तो आवाज आणखी खाली नेऊन म्हणाला, "तुमच्याकडं कुणाच्या नावाच्या पाट्या सांगितल्यात, बू?"

एवढ्या मोठ्या कारखान्याचा मॅनेजर आपल्याला वारा कुणीकडचा ते विचारतोय, या विचारानंच बाई फुलून गेली. खोटं का बोला, आमच्यातलं कुणीही फुललं असतं.

"इबू रतनासारींच्या नावाचा ढीग पडलाय. ठेकेदार सगळे. पेट्रोलपंप. मोठा दवाखाना. झुल्हामच्या नावाची एकच आहे, ती पण त्याच्या मेव्हण्याची. आणि मेव्हण्यानं अजून भाडं दिलेलं नाही."

"मग निकालाला इबूंच्या दारात आपली पाटी पहिली हवी. फाटकाला लागून. आणि सगळ्यांत मोठी."

हे पहिलेपण आमच्याकडे फार महत्त्वाचं. फाटकाला लागून उभी राहिलेली पाटी पाच वर्षं लक्षात राहते. रांगेत शेवटी आलेली पाटी कुत्रीसुद्धा ओळखत नाहीत. म्हणून निकालाच्या संध्याकाळी, निकाल पुरता लागायच्या आधीच, टेम्पो पळत असतात.

त्या दिवशी जेवताना तिनं सगळं तोगुला सांगितलं. कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि सुका मासा होता. तोगु ऐकता ऐकता जेवायचा थांबला.

"माक, वरच्या नदीतल्या कुणी कधी तुझ्याकडून पाटी नेलीय?"

"ते कशाला नेतील? मयताला टोपलीभर तांदूळ घेऊन येतात ते."

"पण मत तर देतात ना?"

"गप जेव. तुझ्या बापाला मी होकार दिला नव्हता तेव्हापासून वारा ओळखतेय मी."

"तरीच बापाला होकार दिलास," तोगु म्हणाला, आणि तिनं त्याच्या पाठीत उलथनं घातलं. दोघंही हसली. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं असेल, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

मतदानाच्या संध्याकाळी रतनासारीबाईंच्या माणसांनी विजय जाहीर करून टाकला. फटाके उडाले. माक तोगुचा टेम्पो सगळ्यांच्या आधी पोचला आणि लिमाउ रबरची पाटी फाटकाला लागून उभी राहिली, दोन चौकटी जोडलेली, घरच्या छपराला लागेल एवढी. इबूंनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर होता.

आणि नदीला पाणी कमी होतं. वरच्या गावांच्या मतपेट्या गाळात अडकत अडकत उशिरा आल्या. त्या उघडल्या आणि होडीवाला झुल्हाम बुपाती झाला.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. माक तोगु टेम्पो घेऊन धावली. जुन्या फाटकावरची पाटी उचलली, रतनासारीचं नाव उपटलं, झुल्हामचं लावलं, खालचं 'लिमाउ रबर' होतं तसंच ठेवलं आणि पाटी नव्या फाटकावर नेऊन उभी केली. सगळे तेच करत होते. पाटी बदलता येते हो. फोटो कसा बदलणार?

सकाळी ती बघायला गेली तर पाटीचं तोंड भिंतीकडे होतं.

आमच्याकडे पाटी नको असली तर कुणी परत पाठवत नाही, मोडतही नाही. तोंड भिंतीकडे करून ठेवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला नुसत्या मागच्या फळ्या आणि खिळे दिसतात, आणि कुणाची पाटी आहे ते सगळ्या गावाला न वाचता कळतं. बाकीच्या उशिरा धावलेल्या पाट्या तोंड वर करून उभ्या होत्या. पाठ फिरवलेली एकच.

"माक तोगु, आत्ता नेऊ नका," फाटकावरचा पहारेकरी ओशाळून म्हणाला. "राहू दे म्हणालेत अशीच थोडे दिवस. मी काय करू, मला बोलू नका."

"मी कुठं काय बोलतेय?" ती म्हणाली. तिथंच उभी राहून ती आपल्याच हातच्या कामाची मागची बाजू बघत राहिली. इतक्या वर्षांत ती बाजू तिनं कधी अशी नीट पाहिली नव्हती.

पुढचं सगळं अगदी सभ्यपणे झालं. कुणी कुणाला धमकी दिली नाही. परवान्याच्या फाइलचा 'अभ्यास चालू' राहिला. सांडपाणी तपासायला माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली, पुन्हा आली. मेदानच्या ऑफिसनं शहाणपणा केला आणि भट्टीसाठी राखलेल्या पैशातून बुपातीच्या होड्यांच्या शर्यतीला बक्षिसं दिली, मग फुटबॉलच्या मैदानाला दिवे दिले, मग नदीवर कमान उभी केली. कमानीवर लिमाउ रबरचं नाव बारीक आणि बुपातीचं मोठं. पालथ्या घड्यावर पाणी. दिवे लागले, कमान झाली, सही काही झाली नाही. तोगु आईला म्हणाला, "माक, माझी भट्टी बघायचीय का? चल, मैदानावर दाखवतो. रात्री काय लख्ख दिसते!"

ती हसली नाही. हे आपल्यामुळं झालं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला विचाराल तर तिच्यामुळं काय व्हायचंय? जिथं कारखाना कुठं उभा राहावा हे रबर ठरवत नाही, कामगारांचे हात ठरवत नाहीत, नदी ठरवत नाही, तिथं एका खोकणाऱ्या बाईच्या शब्दानं काय बिघडणार? बिघडलेलं आधीच होतं. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. ती म्हणायची, "मी फुगले. त्यानं विचारलं आणि मी फुगले."

पाक हार्सोनो पुन्हा एकदा शेडमध्ये आला. या वेळी त्याला बस म्हणावं लागलं.

"जांबी ठरलं, बू. तिथली सही आधीच झालीय म्हणतात. इथल्या चालू भट्ट्याही काढून नेणार आहेत, होड्यांवरून."

"आणि माणसं?"

"थोडी नेणार. तोगुचं नाव मी पहिलं घातलंय. नव्या भट्टीवर मुकादम. दिलेला शब्द पाळतोय मी, फक्त..."

"फक्त जागा बदलली," ती म्हणाली. "चहा घ्या, पाक. मागच्या वेळी पण नाही घेतलात."

त्यानं चहा घेतला. साखर घालायची राहिली होती, पण त्यानं तो तसाच संपवला.

तोगु जायला तयार नव्हता. "मी धक्क्यावर हमाली करीन. मासे विकीन. तुला टाकून मी जात नाही."

"मासे विकशील? तुला बांगडा आणि बोंबील कळतो का?" माक तोगु म्हणाली. "बाप भट्टीपुढं उभा राहून मुकादम न होताच मेला. तू हो. बायको कर तिथलीच, पण भात शिजवता येतो का ते आधी बघून घे."

"मग तू पण चल माझ्याबरोबर."

"आणि तुझ्या बापापाशी कोण बसणार? जा म्हणतेय ना. जांबी काय चंद्रावर आहे?"

मोठ्या मनानं बोलली खरी. पण ज्या दिवशी यंत्रं होडीवर चढली आणि तोगुही चढला, त्या दिवशी ती धक्क्यावर गेली नाही. शेडमध्ये बसून कुणाचं तरी नाव कापत राहिली, आणि ते चुकलं. पुन्हा कापलं, पुन्हा चुकलं. मग तिनं तार थंड होऊ दिली आणि पदर नसलेल्या त्या बाईनं झग्याच्या बाहीत तोंड खुपसून रडून घेतलं.

महिन्याभरात गावावरचा वास गेला. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या तो वास गेला, आणि लोकांना जेवण गोड लागेना. वास गेला तशी दुकानं गेली. पेट्रोलपंप बंद पडला, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर निघून गेले. पाट्या पाठवावं असं कुणी उरलं नाही, आणि ज्याला पाठवाव्यात असंही कुणी. माक तोगुनं टेम्पो विकला. फुलं ठेवायची बंद केली. बुपातीच्या फाटकावरून शेवटी परत आणलेली ती मोठी पाटी मात्र तिनं मोडली नाही. शेडमध्ये ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून.

तोगु नाताळला यायचा. मग एका नाताळला भट्टी बंद ठेवता येईना म्हणून आला नाही. फोनवर ती खोकला दाबायची. "काय गं, श्वास लागलाय का?" "छे, जिना चढून आले." घराला जिना नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. दोघं मग पावसाबद्दल बोलायची. या पोरानं तेव्हाच बस का पकडली नाही, असं मी रागानं म्हणायचो. आता म्हणत नाही.

एका सकाळी शेजारीण केळीच्या पानात शिजवलेला भात, लोंतोंग, घेऊन गेली तेव्हा माक तोगु शेडमध्ये खुर्चीवरच गेलेली होती.

तोगु बसनं दुसऱ्या दिवशी पोचला. आईला घराच्या मधल्या खोलीत निजवलं होतं, अंगावर उलोस, आमचं विणलेलं मानाचं वस्त्र. बायका गात होत्या. त्याचा मामा डोंगरातून आला होता, म्हातारा, काठी टेकत. तो सारखा दाराबाहेर जाऊन रस्त्याकडे बघायचा आणि परत यायचा.

"एक पाटी नाही रे दारात," तो अखेर तोगुला म्हणाला. "जिनं सगळ्या जिल्ह्याच्या दारांत पाट्या लावल्या, तिच्या दारात एक नाही."

"पाठवणार कोण, मामा? आणि करणार कोण? करणारी तीच होती."

तोगु शेडमध्ये गेला. मामाही मागोमाग गेला. भिंतीकडे तोंड केलेली पाटी त्यानं ओढून फिरवली. झुल्हामचं नाव अजून तिच्यावर होतं, ऊन न लागल्यानं रंगसुद्धा तसाच. त्यानं ते उपटलं. मग 'लिमाउ रबर' उपटलं. 'अभिनंदन' उपटलं. डब्यांत त्याला हवे होते ते शब्द सापडले, 'दुःखात सहभागी' तर कितीतरी होते. ठेकेदारांची नावं होती, दवाखान्याचं होतं, मेलेल्या साहेबांची होती. तिचं नाव कुठल्याच डब्यात नव्हतं. ते तिनं कधी कापलंच नव्हतं.

त्यानं थर्माकोल घेतला, तार तापवली. हातात भट्टीचं काम, ही नाजूक सवय नाही. अक्षरं वाकडी आली, एक मोठं, एक लहान. तरी त्यानं ती पाटीच्या मधोमध लावली, जिथं आई पाठवणाऱ्याचं नाव लावायची तिथं, आणि तेवढीच मोठी. तिओलिना.

मामानं ते नाव वाचलं. "मी पण तिला कधी नावानं हाक मारली नाही. इतोच म्हणायचो, नुसतं बहिणी," तो म्हणाला. मग काठीनं पाटीच्या खालच्या मोकळ्या जागेकडे दाखवून म्हणाला, "आणि खाली? पाठवणाऱ्याचं नाव नको?"

तोगुनं नकारार्थी मान हलवली. "माझं नाव तिनं जन्मभर मिरवलं, मामा. आज राहू दे."

दोघांनी मिळून पाटी दाराशी नेऊन टेकवली. फुलं नव्हती, शेजारणीनं अंगणातली जास्वंद खोचली.

दुपारी वरच्या नदीतली एक म्हातारी डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन आली. उन्हातून चालत आली होती. दारापाशी थांबली, ओठ हलवत पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि माघारी वळली.

"काय झालं, इनांग?" वडीलधाऱ्या बाईला मारतात तशी तोगुनं हाक मारली.

"घर चुकलं वाटतं, बाळा," म्हातारी म्हणाली. "मी माक तोगुकडं आले होते. ही तिओलिना कोण?"

तोगुनं पुढं होऊन तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली.

"घर हेच आहे, इनांग," तो म्हणाला. "या, आत या."